परक्या बोलीतलं रडणं

खारंबा बेटावर कुणी मेलं, तर घरचे रडत नाहीत. तोंडात पदराचा बोळा धरून बसतात. रडायला दुसऱ्या जमातीची बाई येते आणि मयताला न कळणाऱ्या बोलीत गळा काढते. पाहुणे, हसू नका. तीस वर्षांपूर्वी इथे दुकान टाकलं तेव्हा मीही हसलो होतो. दीड तासात पायी फिरून होणारं बेट, आणि बोली पाच! नुसतं मीठ विकायला मला पाच शब्द पाठ करावे लागले. एवढ्याशा जागेत पाच बोली टिकल्या त्या या रडण्यापायी, असं इथले म्हातारे सांगतात.

फार पूर्वी म्हणे, किनाऱ्यावरच्या मोरंग जमातीतल्या येमीची लेक कालवं काढताना बुडाली. येमीने काठावर बसून तिला हाका मारल्या. लेक आली. गुडघाभर पाण्यात उभी राहिली. खाईना, बोलेना, नुसती आईकडे बघे. ओहोटी लागली की जाई. येमी रोज भरतीला हाक मारी आणि लेक रोज येई, दर खेपेला थोडी अधिक झिजलेली. हाताला बोटं उरली नाहीत, तरी यायची थांबेना. आईने बोलावलं की यायचं, एवढंच तिला ठाऊक.

शेवटी डोंगरावरच्या उले जमातीची दोरका खाली उतरली. तिने येमीच्या तोंडावर हात दाबला आणि आपल्या बोलीत रडू लागली. लेकीने बराच वेळ कान दिला. एक शब्द कळेना. मग पाठ फिरवून ती खोल पाण्यात निघून गेली. येमीने दोरकाचा हात रक्त येईतो चावला. दोरकाने तो काढला नाही, असं सांगतात.

त्या दिवशी पाचही जमातींनी शपथ घेतली: मासे देऊ, धान्य घेऊ, सगळं खुणांनी, पण दुसऱ्याची बोली शिकायची नाही. नाहीतर मेलेल्याला वाटेला कोण लावणार?

आता बेटावरची सगळी पोरं मराठी बोलतात. ही भाषा आणली मी, धंद्याची सोय म्हणून. घरच्या बोली गेल्या. उलेंची बोली येणारी तेवढी एक म्हातारी उरली आहे, नानखी. आजही मयत झालं की तिला झोळीत घालून डोंगरावरून खाली आणतात.

गेल्या महिन्यात मी तिला खुणांनी म्हटलं, ‘‘आजी, तुझ्या वेळेला मी रडेन, माझ्या मराठीत.’’

ती तंबाखू मळत होती. वर न बघता मराठीतच म्हणाली, ‘‘नको रे शेठ. मला कळते ती.’’