बैलाच्या डोक्याचा आवाज

अक्षरं नुकती जन्माला येत होती आणि बैल बोलत होते, त्या काळातली ही गोष्ट. वाळवंटाच्या कडेला एक गाव होतं. तिथे बैलाला म्हणत आलेफ आणि घराला बेत.

तिथल्या एका बैलाने डोंगरातून दगड ओढून आणला. पाथरवटाने त्यावर बैलाचं डोकं कोरलं आणि शेजारी घर. बैल फुलून गेला. "बघा, माझं डोकं! वर घरही मलाच दिलंय!"

"तुला कोण देतंय घर?" छिन्नी फणकारली. "अक्षरं आहेत ती. तुझ्या नावातला फक्त पहिला आवाज घेतलाय. 'आ' म्हणण्याआधी घसा क्षणभर बंद होतो ना, तेवढाच. घराच्या नावातला ब घेतला. बाकीचं टाकून दिलं."

बैल हादरला. "माझी शिंगं, वशिंड, एवढी ताकद, सगळं टाकलं? आणि ठेवलं काय, तर घशातला अडथळा? तो तर ऐकूसुद्धा येत नाही!"

तेवढ्यात अरिशत आली, बैलाच्या मालकाची मुलगी. तिने आधी बैलाच्या डोक्यावर बोट ठेवलं, मग घरावर, आणि वाचलं, "अब." त्यांच्या भाषेत अब म्हणजे बाबा.

"मालकांचा दगड आहे हा?" बैलाने दचकून विचारलं.

"परवा दरडीखाली गेले ते," छिन्नी हळूच म्हणाली. "तुला कुणी सांगितलं नाही?"

अरिशतने पुन्हा बैलाच्या डोक्यावर बोट ठेवलं. तिने तोंड उघडलं, पण घसा बंद झाला आणि पुढचं काही फुटलंच नाही.

बैलाला आपलं अक्षर स्वच्छ ऐकू आलं.