भुकेचा गाडा

एका डोंगराला सात गावं वेढून बसली होती. राजा-बिजा नव्हता हं तिथे, आधीच सांगते. दर गोष्टीला राजा आणायचा कुठून? सात गावं, सात वेशी, आणि पायथ्याने सातांना गुंफणारी एक गोल वाट. त्या वाटेबाहेर कुणी कधी पाऊल टाकलं नव्हतं. सात गावं म्हणजेच त्यांचं सगळं जग, बरं का. आणि पाय आत घे रे तू. ही गोष्ट पाय उघडे टाकून ऐकायची नाही.

तर त्यातल्या सावरटेक गावात हौसा नावाची सुतारीण होती. नवरा गेला, तेव्हा त्याचा वाकस तिने हातात घेतला. लोक म्हणाले, बाईमाणसाने लाकूड तासू नये. हौसाने ऐकून घेतलं आणि तासत राहिली. तिने केलेलं चाक कधी मोडलं नाही. तिला एकच लेक, रंगू. ती शेजारच्या खारओढ्याला दिलेली. हौसाच्या अंगणातून रंगूच्या सासरचं निंबाचं झाड दिसायचं, इतकं जवळ. रंगूला नुकतेच दिवस गेले होते आणि हौसाने आत्तापासूनच पाळणा करायला घेतला होता. हौसच तिला, नावासारखी.

मग एकदा काय झालं, पाऊस आला आणि पाहुण्यासारखा उभ्या उभ्या निघून गेला. शेतं करपली. मग गावात भूक आली.

भूक कशी येते ठाऊक आहे? वाजतगाजत नाही येत. भर दुपारी येते, जेव्हा अंगणात कुणाचीच सावली नसते. फडताळातली रिकामी भांडी आपोआप किणकिणतात. कुत्री भिंतीकडे तोंड करून बसतात. मग दारातून कुणीतरी विचारतं, "जेवलात का?" आवाज ओळखीचा असतो. बाहेर जाऊन बघावं, तर दारात कुणी नसतं.

आधी ती वेशीबाहेरच्या घरांत शिरली. तेव्हा गाव काही बोललं नाही. मग ती वेशीच्या आत आली, तेव्हा मात्र गाव खडबडून जागं झालं. असंच असतं, आपलं पोट दुखल्याशिवाय दुसऱ्याचं कळत नाही.

त्या सात गावांची एक जुनी रीत होती. भूक आली की गाडा करायचा. त्यात कुंकू फासलेला लाकडाचा ठोकळा ठेवायचा, त्याच्यावर लाल लुगडं घालायचं, पुढे नैवेद्य मांडायचा. मग हलगी वाजवत भर दुपारी गाडा शिवेवर न्यायचा, शेजारच्या गावाच्या हद्दीत ढकलायचा आणि मागे न बघता घरी यायचं. झालं, भूक गेली. गेली कुठे? तर शेजारी. शेजारच्यांनीही तेच करायचं, पुढच्या शिवेवर नेऊन सोडायचा. सातही गावांतली शहाणी माणसं पिढ्यानपिढ्या हेच करत होती. वाट गोल आहे, हे मात्र एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

सावरटेकचा पाटील होता शिदोजी. त्याने हौसाला बोलावून सांगितलं की गाडा कर, आणि चांगला मोठा कर. मोठा म्हणजे लाकूड हवं. मग देवराईतली झाडं तोडली. हौसाचा हात क्षणभर थांबला होता, कारण खारओढ्यात रंगू होती. पण तिने मनाची समजूत घातली की ते लोकही संध्याकाळच्या आत गाडा पुढे ढकलतील, माझ्या लेकीला काय होतंय? गाडा शिवेपार गेला. त्या रात्री गावाने उरलंसुरलं शिजवून पोटभर खाल्लं.

सातव्या दिवशी गाडा परत आला, दुसऱ्या बाजूच्या शिवेवरून. चाकं हौसाचीच होती, तिने बघताक्षणी ओळखली. आत तर नुसता ठोकळा, पण चाकं वीतभर जमिनीत रुतली होती.

मग शिदोजी पाटील म्हणाला की नैवेद्य कमी पडला. मग गावाने तळ्याचा बांध फोडला आणि तळातले मासे धरले, अगदी पिलांसकट. तो नैवेद्य ठेवून चार बैलांनी गाडा ओढला आणि खारओढ्याच्या हद्दीत सोडला. या खेपेला तो तिसऱ्याच दिवशी हजर. लाल लुगड्याखाली काहीतरी फुगल्यासारखं दिसत होतं. वारा पडला होता तरी लुगडं हलत होतं, कुणी आतून श्वास घ्यावा तसं.

मग राहिलं काय? राहिलं होतं बियाणं. घराघरांत कणगीच्या तळाशी, राख लावून ठेवलेलं. पुढच्या वर्षीचं पोट ते. म्हाताऱ्या बायका रडायला लागल्या, पण पाटलाने तेही काढायला लावलं. बियाण्याची रास गाड्यात चढली आणि आठ बैल जुंपले. मग भर दुपारी, कुणाचीच सावली नसताना, गाव तिसऱ्यांदा शिवेकडे निघालं.

हौसा चाकाशेजारून चालत होती. चाकांचा आस करकरत होता आणि तो आपण केलेला आहे हे तिला विसरता येत नव्हतं. शिवेचा दगड दिसायला लागला. तेवढ्यात लुगड्याखालून आवाज आला. हलकाच, पण तिच्यासाठीच.

"आई, जेवलीस का?"

तो रंगूचा आवाज होता.

हौसाच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिने इकडेतिकडे बघितलं. बाकी कुणाला काही ऐकू गेलं नव्हतं, की ऐकून न ऐकल्यासारखं करत होते कोण जाणे. रीत अशी, की लुगड्याला हात लावायचा नाही. हौसाने लुगड्याचं टोक धरलं आणि वर केलं.

आत ठोकळा नव्हताच. आत एक बाई गुडघ्यात मान घालून बसली होती, हाडांची नुसती मोळी. तिने मान वर केली. तिला एकच असं तोंड नव्हतं. वेशीबाहेरच्या म्हातारीचं तोंड दिसलं, मग कुणा परगावच्या पोराचं, मग तिसऱ्याच कुणाचं. एकावर एक चेहरे येत होते आणि जात होते. शेवटचा आला तो रंगूचा. तो मात्र जाईना.

हौसाला तेव्हा सगळं कळलं. आपण दोन्ही वेळा भूक घालवली नव्हती, आपण ती लेकीच्या दारात नेऊन घातली होती. ती खाली वाकली, चाकाची खीळ काढली आणि शिवेवरच्या ओढ्याच्या खोल घळीत भिरकावून दिली. चाक निखळलं आणि गाडा बरोबर शिवेवर आडवा झाला, अर्धा या गावात, अर्धा त्या गावात.

गाव तिच्या अंगावर धावून गेलं. तेवढ्यात समोरून खारओढ्याची माणसं आली, काठ्या घेऊन. गाडा परत ढकलायला आली होती ती. सगळ्यांच्या पुढे रंगू होती, गालफडं बसलेली, पोट तेवढं पुढे आलेलं. तिच्याही हातात काठी होती. आई आणि लेक एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. रंगूची काठी हातातून गळून पडली आणि हौसा तिथेच मातीत बसून हमसून हमसून रडली.

रडून झाल्यावर ती म्हणाली, "हा गाडा आता कुठेच जाणार नाही. सातही गावांना बोलवा."

मग हलगी वाजली. एका शिवेवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर, असा निरोप डोंगराला वळसा घालून आला. दुसऱ्या दिवशी दुपारी सातही गावं त्या दगडापाशी जमली. जमली ती भांडायलाच, पण लुगड्याखालून भूक बोलली आणि सगळे गप्प झाले.

"मला घालवणार म्हणता," ती म्हणाली, "कधीपर्यंत?"

शिदोजी पाटलाने उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणाला, लवकरच. गाड्याचा आस करकरला आणि तिने तेच पुन्हा विचारलं, पण आता पाटलाच्या मेलेल्या आईच्या आवाजात. पाटील मटकन खाली बसला. तेव्हा रंगू पुढे झाली. पोटावर हात ठेवून म्हणाली, हे पोर पंधरा वर्षांचं होईल तोवर.

"कुणाकुणाच्या घरातून?"

एका गावचा मुखिया म्हणाला, गावातल्या सगळ्यांच्या. मग आवाज आला तो एका भिकाऱ्याचा, जो गेल्या साली त्याच गावाच्या वेशीबाहेर उपाशी मेला होता. मुखियाने मान खाली घातली. तेव्हा हलगीवाला बोलला. तो वेशीबाहेरच राहायचा. तो म्हणाला, सातही गावांतल्या एकूण एक चुलीपासून, वेशीच्या आतल्या आणि बाहेरच्या.

"आणि कशातून?"

 तोडलेल्या देवराईचे बुंधे हौसाने बघितले, भेगाळलेलं तळं बघितलं, गाड्यातली बियाण्याची रास बघितली.

"उद्याच्यातून नाही," ती म्हणाली. "झाडं परत लावू. तळं परत भरू. बियाण्याला हात लावणार नाही. त्या त्या साली जे पिकेल, ते सातांत वाटून खाऊ."

 मग लुगड्याखालून ती म्हणाली, "पंधरा वर्षं मी इथेच बसते. शब्द मोडलात, तर गाडा मी ओढीन आणि आत तुम्ही बसाल."

ऐकताय ना? की झोपलात? बरं.

मग माणसं कामाला लागली. बियाणं गाड्यातून काढलं आणि सात गावांत वाटलं. रंगूला मुलगी झाली, तिचं नाव येसू. पहिल्या साली सगळ्यांनीच पोटाला चिमटा घेतला. मग बांध घातले, तळ्यांतला गाळ काढला, देवराईत रोपं लावली आणि एकाही कुऱ्हाडीला तिथे जाऊ दिलं नाही. आणि एक नवी रीत पाडली. दर साली त्याच दिवशी, भर दुपारी, एका गावच्या माणसांनी दुसऱ्या गावात जायचं आणि घरोघरी मडक्याचं झाकण उघडून बघायचं. आपलं गाव आपण नाही तपासायचं, हं. आपल्याला आपलं मडकं नेहमी भरलेलंच दिसतं. बघून झालं की शिवेवर जाऊन गाड्याचं जू उचलायचं. गाडा खोटं बोलत नसे.

पहिल्या साली पन्नास गड्यांना तो हलला नाही. पाचव्या साली वीस जणांनी उचलला. आठव्या साली मात्र एकाएकी जड झाला. सगळे चरकले. शोधता शोधता डोंगरकपारीत एक कुटुंब सापडलं, ज्यांना कुठल्याच गावाने आपलं म्हटलं नव्हतं. त्यांना खाली आणलं, जमीन दिली, आणि गाडा पुन्हा हलका व्हायला लागला.

असं करत पंधरावं साल उगवलं. सातही गावांची मडकी बघून झाली. कुठेच झाकणाखाली रिकामं नव्हतं. लोक हसत शिवेवर गेले. आता हे जू एका पोराने उचलावं, असं ठरलं होतं. पण ते उचलेना. दोघांनी जोर लावला, चौघांनी लावला, गाडा जागचा हलेना. लुगड्याखाली कुणीतरी हळू हळू उठून बसत होतं. ऊन कलायला लागलं होतं आणि सूर्य बुडला की मुदत संपणार होती.

खारओढ्याकडून त्या साली येसू आली होती, मडकी बघायला, पहिल्यांदाच. तिने विचारलं की सावरटेकात एकही घर सुटलं नाही ना? मोठी माणसं म्हणाली, एकही नाही. मग कुणीतरी चाचरत म्हणालं, तुझ्या आजीचं तेवढं बघितलं नाही. तिच्या घरात काय बघायचं? तिनेच तर हे सगळं सुरू केलं.

येसू पळत सुटली.

हौसा चुलीपाशी बसली होती. आता अगदी थकली होती ती. येसूला बघून म्हणाली, "मी जेवले गं. तू जा, बाकीची घरं बघ."

येसूने मडक्याचं झाकण उचललं. आत कोळ्याने जाळं केलं होतं. आणि चुलीच्या पलीकडे, अंधारात, गुडघ्यात मान घालून कुणीतरी बसलं होतं, लहान मुलाएवढं. त्याने मान वर केली. चेहरा हौसाचा होता.

येसू घाबरली, पण हलली नाही. तिने आजीला विचारलं की किती दिवस झाले? तेव्हा हौसाचा बांध फुटला. म्हणाली की हात कापतात, शिमग्यापासून वाकस धरवत नाही. मी शब्द दिला आणि माझ्याच घरात चूल पेटत नाही, हे रंगूलाही कोणत्या तोंडाने सांगू?

येसूने शेजारून पीठ आणि दूध आणलं. पदर खोचला, चूल पेटवली, भाकरी थापली. अर्धीमुर्धी करपली, पंधरा वर्षांचीच तर होती पोर. तिने भाकरी कुस्करून दुधात कालवली आणि आजीला आपल्या हाताने भरवली. पलीकडे बसलेलं ते बघत होतं. एका घासाला त्याचे डोळे पुसले गेले, दुसऱ्या घासाला तोंड. तिसऱ्या घासाला चुलीपलीकडे नुसता अंधार उरला.

तिकडे शिवेवर लाल लुगडं आपोआप खाली बसलं. सूर्य बुडायला घटकाभर वेळ होता. मग एका पोराने जू धरलं आणि गाडा सुपासारखा उचलला गेला. पण कुणीच जल्लोष केला नाही. सगळ्यांच्या माना खाली होत्या. दिव्याखालीच अंधार ठेवला होता ना त्यांनी. मग सगळी माणसं तशीच चालत हौसाच्या दारात गेली आणि तिच्या अंगणात एकत्र जेवायला बसली. त्या साली ठरलं, की ज्याच्याबद्दल खात्री वाटते, त्याचं झाकण सगळ्यांत आधी उघडायचं.

मग सातही गावं सुखाने नांदली, आणि हौसा नव्वद वर्षांची होऊन, भरल्या पोटी, लेकीच्या मांडीवर गेली. संपली गोष्ट. अंधाराला भ्यायचं नाही, मी इथेच आहे. मिटा डोळे, झोपा आता.