एक चमचा की दोन?

“उस्ताद, एक चमचा घेऊ की दोन?”

धैर्यशील अजून सायकलवरून उतरलाही नव्हता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. पाठीवरच्या सॅकमधून त्याने पावडरचा भलामोठा डबा काढून नाचवला.

पसरणी घाटाच्या पायथ्याशी बाबालाल उस्तादांचं सायकलचं दुकान. उस्ताद पंक्चर काढायचे आणि शर्यतीच्या पोरांना घाट चढायला शिकवायचे. दोन्ही कामांत बोलणं कमीच.

“कसली पावडर?”

“स्नायू वाढवायची! दोन महिन्यांत चार किलो वाढलो, उस्ताद! चरबी नाही, सगळं मांस. हा दंड बघा!”

उस्तादांनी दंड दाबून पाहिला. खरंच दगड होता.

“आणि घाट?”

धैर्यशील घुटमळला.

“घाट... घाटाला चाळीस सेकंद जास्त लागतायत. म्हणून तर विचारतोय, दोन चमचे सुरू करू का? शर्यत महिन्यावर आलीय. गेल्या वर्षी अकरा सेकंदांनी हुकली. यंदा हरलो तर वय निघून जातंय, उस्ताद. जिल्ह्याच्या संघात परत कोण घेणार मला?”

पोराने वर्षभर दुसरं काही मनात आणलं नव्हतं.

उस्ताद उठले. भिंतीवर खिळ्याला एक गोणपाटाची पिशवी टांगलेली होती. सायकल हलकी करायची म्हणून धैर्यशीलने जे जे काढून टाकलं, ते त्यांनी तिच्यात जपून ठेवलं होतं. पठ्ठ्याने घंटीसुद्धा सोडली नव्हती.

उस्तादांनी पाना घेतला आणि स्टँड बसवायला सुरुवात केली.

“अहो, हे काय करताय!”

मग कॅरियर.

“उस्ताद, वजन वाढतंय!”

मग दोन्ही मडगार्ड. शेवटी घंटी. ती त्यांनी एकदा वाजवूनही पाहिली.

धैर्यशील रडायचाच बाकी होता. वजनाचा छोटा हुकवाला काटा कायम त्याच्या खिशात असे. घाईघाईने त्याने काटा छपराच्या आकड्याला अडकवला, त्याला सायकल टांगली आणि किंचाळला,

“दोन किलो! अख्खे दोन किलो वाढले!”

“दोनच?”

“दोनच काय म्हणता! घाटात एकेक ग्रॅम जीव काढतो. एवढं ओझं घेऊन कोणी शर्यत मारतं का?”



उस्तादांनी पुन्हा एकदा त्याचा दंड दाबून पाहिला. या वेळी जरा जास्तच वेळ.

“काढा ना, उस्ताद! पाया पडतो. आत्ताच्या आत्ता काढा!”

उस्तादांनी पाना हातात घेतला.

“काढतो की. सायकलपासून सुरू करू, का तुझ्यापासून?”