गजावरची खाच

"मग आज तरी बंदूक घेऊन जाऊ ना, मेस्त्री?"

अंकुश राऊळ हे तिसऱ्यांदा विचारत होता. बसवत नव्हतं त्याला. खळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या चालल्या होत्या.

धोंडू मेस्त्री बांबूच्या पेराचं माप तासत होते. बंदुकीच्या एका बाराला लागेल तेवढीच दारू मावावी, चिमूटभरही जास्त नको, असलं माप. त्यांनी मान वर केली नाही.

तीन महिने अंकुश त्यांच्याकडं येत होता. ठासणीची, तोंडातून दारू-गोळी भरायची बंदूक त्याच्या घरचीच, वडलांच्या माघारी परवाना त्याच्या नावावर झालेला. पण मेस्त्रींनी त्याला नेम धरायला काही शिकवलं नाही. आधी रेड्याचं शिंग उकळून साफ करून घेतलं, दारू ठेवायला. मग बंदुकीचा कान, म्हणजे ठिणगी आत जायचं भोक, टोचायची तार. मग गोळ्यांची चामडी पिशवी. वाडीतले लोक विचारायचे, काय रे, बंदूक शिकतोस की खेळणी करायला?

आज डुकराचा हाकारा होता. डुकरांनी रताळ्याची निम्मी जमीन उकरून टाकलेली. गावकारानं घळीच्या तोंडावरची जागा पहिल्यांदाच अंकुशला दिली होती. उशीर झाला तर ती बाबल परबाला जाणार, असंही सांगून ठेवलं होतं. खालच्या अंगाला डबे बडवून डुकरं घळीकडं हाकणारे जमू लागले होते. त्यांच्यात अंकुशचा धाकटा भाऊ होता.

अंकुश म्हणाला, शिंग तरी बघा. शिंगावर त्यानं मोर कोरला होता. मेस्त्रींनी ते हातात घेतलं, फिरवून बघितलं. मोर छान आहे म्हणाले. मग विचारलं,

"बंदूक भरलेली आहे?"

"भरूनच आणलीय."

"एकदाच ना?"

अंकुश हसला. "मी काय खुळा आहे?"

मेस्त्री उठले. बार उडू नये म्हणून आधी घोड्याखालची ठिणगीची टोपी काढली. नळीचं तोंड माडांकडं केलं, तिकडं कुणी नव्हतं. अंकुशचा ठासायचा गज मागून घेतला आणि त्याच्यावरून अंगठा फिरवत नेला, वरपासून खालपर्यंत...

"खाच कुठाय?"

खाच नव्हती.

तसं बघितलं तर ती काय, सुरीचा एक घाव. रिकाम्या नळीत गज तळाला टेकवायचा आणि नळीच्या तोंडाशी गजावर खूण करायची. पुढं कधीही गज आत सोडला की खूणच सांगते, आत काही आहे का, किती आहे. अंकुशनं मोर कोरला होता. खाच राहिली होती.

मेस्त्रींनी गज आत सोडला. टेकला. तोंडाशी अंगठा दाबून धरला, गज बाहेर काढला आणि नळीच्या अंगाला बाहेरून लावून दाखवला. एका बाराला गजाचं टोक बुडापासून चार बोटं वर थांबतं.

ते चांगलं वीतभर वर थांबलं.

अंकुशनं बोटं लावून मोजून बघितलं.

"सकाळी भरली," तो म्हणाला. "मग जेवल्यावर... चैन पडेना... जेवल्यावर पण..."

बारावर बार. चाप ओढला असता तर नळी तिथंच फुटली असती, गालाला लावलेली.

मेस्त्री रागावले नाहीत. दारू भिजायला नळीत पाणी ओतून दिलं, गजाच्या टोकाला आतलं ओढून काढायचा पेच लावून दिला आणि काढ म्हणाले. स्वतः परत माप घेऊन बसले.

काथ्याचा बोळा आला. गोळी आली. काळा चिखल आला. पुन्हा बोळा. खालून कुणीतरी अंकुशच्या नावानं हाक मारली. थोड्या वेळानं आणखी एकदा मारली. पेच धरेना, निसटून जाई. दुसरी गोळी खळ्यात पडून घरंगळत गेली, तेव्हा कुठं तो खाली बसला.

नळी पुसून झाली. मेस्त्रींनी सुरी पुढं केली. अंकुशनं गज तळाला टेकवून खाच पाडली. जरा वाकडीच आली.

डबे वाजायला लागले. त्याचा हात शिंगाकडं गेला.

मेस्त्रींनी शिंग उचलून आपल्या मांडीवर ठेवलं.

"जा आता. उभा राहा जागेवर... अशीच घेऊन."

"रिकामी?"

"रिकामी."

ही थट्टा असेल म्हणून अंकुशनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं. थट्टा नव्हती.

"आणि डुक्कर समोर आलं तर?"

मेस्त्रींनी मापातला भुसा फुंकून काढला.

"बाजूला हो."