नवी चेन, जुने दाते

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी एक वृद्ध शिक्षक राहत होते. उमेदीच्या वयात त्यांनी तालुक्याच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवले होते आणि तो घाट सायकलने इतक्या वेळा चढले होते की त्याचे प्रत्येक वळण त्यांच्या पोटऱ्यांना पाठ होते. निवृत्तीनंतर लोक त्यांना आप्पा म्हणू लागले आणि सायकलविषयी काहीही विचारायला त्यांच्या अंगणात येऊ लागले. हवा किती भरावी, गिअरची घ्यावी की साधी, मऊ सीट बसवली तर पाठ दुखायची थांबेल का. चेनीला खोबरेल चालेल का, असे विचारणाराही वर्षाकाठी एखादा निघेच. ‘खोबरेल डोक्याला लावा, चेनीला चेनीचं तेल द्या,’ असे आप्पा शांतपणे सांगत. प्रश्न कितीही बाळबोध असो, ते हसत नसत. मला त्यांच्या ज्ञानापेक्षा या न हसण्याचेच अधिक कौतुक वाटते.

त्यांची एक शिष्या होती. घाटमाथ्यावरच्या गावातल्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. सगळे त्यांना बाई म्हणत. वय पन्नाशीकडे झुकलेले. सकाळची एसटी कधी वेळेवर येत नाही आणि मुख्याध्यापिकेने उशिरा पोहोचायचे नाही, एवढ्यावरून बाईंनी या वयात घाट सायकलने चढायचे ठरवले. गावाने तोंडाला पदर लावून हसून घेतले. बाई पहिल्याच वळणावर धापा टाकत थांबल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा. ‘चढात पाय टेकायचा नाही’ हा एकच धडा आप्पांनी दिला होता आणि पावसाळा सरता सरता तो बाईंच्या अंगी उतरला. एकदा ठरवले की बाई मागे फिरत नसत. हा त्यांचा गुण होता, आणि पुढे जे घडले त्यात तोच अडचणही ठरला.

एका सकाळी बाई सायकल हातात धरून अंगणात शिरल्या. गुडघा सोलवटलेला, साडीला ग्रीस लागलेले आणि चेहरा रागाने लाल.

“आप्पा, चेन नवी बसवली. कालच, तालुक्याला जाऊन. चांगल्यातली चांगली मागून घेतली. आणि आज दुसऱ्या वळणावर जोर दिला तर खाड्‌कन घसरली. पुन्हा जोर दिला, पुन्हा घसरली. पडलेच मी! आज संध्याकाळी ही चेन परत करते. आणि दुपारी त्या घोडके सरांनाही.”

आप्पांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. “चेनीचं कळलं. घोडके सरांचं काय?”

बाई ओट्यावर टेकल्या आणि बोलू लागल्या. घोडके सर हे शाळेतले नवे शिक्षक. वर्षापूर्वी बाईंनीच संस्थेशी भांडून त्यांना आणले होते. हा तरुण मुलांना घेऊन बाहेर जाई, विहिरीचा घेर मोजायला लावी, वडाच्या सावलीवरून वडाची उंची काढायला शिकवी. पूर्वी गणिताच्या तासाला ज्यांची पोटे दुखत, ती पोरे आता शाळा भरायच्या आधी येऊन बसत. पण वर्षभर तक्रारी थांबल्या नव्हत्या. सरांना वर्ग आवरत नाही. कधी मुले तास अर्धा टाकून पळतात, कधी तास संपल्यावर नुसता गोंधळ घालतात. जुने शिक्षक रोज कानाशी येऊन सांगत. आज दुपारी संस्थेचे सचिव येणार होते आणि घोडके सरांना कायम ठेवायचे की निरोप द्यायचा, हे बाईंच्या एका शब्दावर होते.

“वाईट वाटतं हो मला,” बाई म्हणाल्या. “पोरगा गुणी आहे. पण आमच्याकडे नाही बसत तो. शब्द ठरलाय माझा.”

दुकानदाराने कागदात बांधून दिलेली जुनी चेन बाईंच्या पिशवीतच होती. ती आप्पांनी मागून घेतली. मग मांडी घालून बसले, लखलखीत नवी चेन पिन काढून उतरवली आणि तिच्या जागी ती काळीकुट्ट, सैल पडलेली जुनी चेन पुन्हा चढवली.

“जा, दुसऱ्या वळणापर्यंत जाऊन या.”

बाईंना नवल वाटले, पण गुरूची आज्ञा. त्या गेल्या आणि थोड्या वेळाने उताराने भरभर परत आल्या. “एकदाही घसरली नाही! उगाच गेले मी नवीच्या नादी. जुनीच बरी होती माझी. शाळेचंही तसंच करायला हवं होतं.”

“म्हणजे निर्णय पक्का झाला?”

“पक्का होताच. आता मनातली रुखरुखही गेली.”

यावर आप्पांनी अधिकच चमत्कारिक गोष्ट केली. ती नीट चालणारी जुनी चेन त्यांनी पुन्हा उतरवली. बाई घड्याळाकडे पाहून चुळबुळत राहिल्या. पडवीच्या खांबाला एक खिळा होता. त्या एकाच खिळ्याला आप्पांनी दोन्ही चेनी शेजारी शेजारी लटकवल्या.

“कड्या दोन्हीत सारख्याच आहेत. आता खालची टोकं बघा.”

जुनी चेन नवीपेक्षा बोटभर खाली आली होती.

“लांबली?”

“झिजली. कडीकडीत थोडी थोडी. रोजच्या चालीत ते कुणाला कळत नाही. आता इकडे या.” आप्पांनी मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलवर, चेन ज्यांवर फिरते त्या दातेरी चक्रांवर, फडके फिरवले. ज्या चक्रावर बाई रोज घाट चढत, त्याचे दाते एका बाजूला कलून आकड्यासारखे झाले होते. बाईंनी त्यावरून बोट फिरवले आणि चटकन मागे घेतले.

मग आप्पा सावकाश बोलू लागले. “बाई, ही चेन लांबत गेली आणि हे दाते तिच्याबरोबर झिजत गेले. दोघांनी एकमेकांची झीज सांभाळून घेतली. म्हणून आवाज नाही, तक्रार नाही. आपल्याला वाटतं, किती छान चाललंय! त्यात नवी चेन आली. तिची प्रत्येक कडी मापात आहे. ती सरळ दात्यावर बसायला जाते आणि जागा सापडत नाही. सपाटीला कसंबसं निभावतं. चढावर जोर पडला की ती सुटते, आणि सगळे म्हणतात, चेन वाईट. मघाशी तुम्ही वर जाऊन आलात, ते जुनी चेन चांगली आहे म्हणून नव्हे. दोघंही सारखेच बिघडलेत म्हणून. ही जुनी अशीच चालवलीत तर उरलेले दातेही खाईल, आणि एक दिवस भर चढात दोघं मिळून तुम्हाला खाली आणतील. नवी चेन हवी असेल तर फ्रीव्हीलही बदला. ते जमणार नसेल तर जुनीवरच चालवा. पण मग नवीला नावं ठेवू नका.”

बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “आप्पा, आमच्या शाळेत मधल्या सुट्टीची घंटा घड्याळावर होत नाही.”

“मग?”

“खोपडे गुरुजींचा चहा संपला की होते. सगळ्यांत जुने ते. दूध उशिरा आलं की घंटा उशिरा, लवकर आलं की लवकर. आम्ही सगळे त्या बेतानं तास लांबवतो, नाही तर गुंडाळतो. कुणाला काही वाटत नाही. पोरंसुद्धा घड्याळाकडे नाही, गुरुजींच्या कपाकडे बघतात.” त्या थांबल्या. “घोडके सर तेवढे घड्याळावर शिकवतात. कधी त्यांचं मोजमाप अर्ध्यात असताना घंटा होते आणि पोरं पळतात. कधी त्यांचं शिकवून संपतं आणि घंटाच होत नाही. आणि मी म्हणत होते, वर्ग आवरत नाही.”

“चहा गुरुजी एकटेच घेतात?”

बाईंचे डोळे भरून आले. “दुसरा कप माझा असतो.”

आप्पांनी यावर एक अक्षरही उच्चारले नाही. खरा गुरू कुठे थांबावे हे जाणतो. माझ्यासारख्याने तिथे आणखी दोन वाक्ये नक्की ऐकवली असती. त्यांनी मुकाट्याने जुनी चेन चढवली, नवी कागदात गुंडाळून बाईंच्या पिशवीत ठेवली आणि म्हणाले, “आज हिच्यावरच जा. फ्रीव्हील काही एका दिवसात येत नाही. पण चेन परत करू नका.”

बाई सोलवटलेल्या गुडघ्याने त्या दिवशीही घाट चढल्या आणि पाय कुठे टेकला नाही. दुपारी सचिवांनी विचारले, “मग घोडकेंचं काय ठरवलंत?” बाई म्हणाल्या, “ते राहतील. बदल दुसरीकडे करायचाय. तो मी करते.”

दुसऱ्या दिवसापासून घड्याळात वेळ झाली की बाई स्वतः उठून घंटा देऊ लागल्या. स्वतःचा चहा त्यांनी घंटेनंतर ठेवला. खोपडे गुरुजी दुखावले. “इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं, बाई,” असे म्हणून त्यांनी कप उचलला आणि ते पाठ फिरवून बसले. बाकीचेही कुजबुजले. कुणाचा तास अर्धवट राहू लागला, कुणाचा आधीच संपू लागला. एवढ्या वर्षांनी सगळ्यांनाच कळले की वर्ग ‘न आवरणे’ म्हणजे काय असते. बाईंनी कुणाला उपदेश केला नाही, कुणावर आवाज चढवला नाही. रोज वेळेवर उठायचे आणि घंटेची दोरी ओढायची, एवढे मात्र एकही दिवस चुकू दिले नाही. गुरुजींच्या शेजारी बसून त्यांचे टोमणे ऐकणे हे घाटाहून कठीण होते, असे त्यांनी पुढे आप्पांना सांगितले. दरम्यान तालुक्याहून फ्रीव्हील आले आणि नवी चेन त्यावर चढली. पहिले काही दिवस तीही कुरकुरली, मग बसली.

आपल्या घरात वा कचेरीत कुणी नवा माणूस घसरू लागला, तर त्याला परत करण्यापूर्वी आपल्या दात्यांवरून एकदा बोट फिरवून पाहावे.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरली. एके दिवशी बाईंना फळ्याशी गणित सोडवता सोडवता उशीर झाला. घंटेची वेळ झाल्याचे त्यांच्या ध्यानात आले आणि त्या लगबगीने व्हरांड्यात आल्या. पाहतात तो खोपडे गुरुजी आपल्या खोलीच्या दारात उभे होते. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, हातातला कप तसाच अर्धा भरलेला खिडकीत ठेवला आणि ते घंटेकडे चालू लागले. वडाखाली घोडके सरांची मुले मोजफीत गुंडाळत होती. बाई जागच्या जागी थांबल्या, आणि गुरुजींनी दोरी ओढली.