गाडी सोडून देण्याचा धडा

एकदा एका गल्लीत एक बातमी आली, आणि तीही अर्धीच. वृंदाच्या कुंपणाशी कढीपत्ता तोडायला गेलेल्या शेजारणीच्या कानावर एवढेच पडले, की परदेशातल्या एका गावात आईला ठेवायचे आणि आपण... पुढचे मिक्सरच्या आवाजात बुडाले. संध्याकाळपर्यंत गल्लीने उरलेली बातमी आपापल्या परीने पुरी केली. वृंदा म्हणे आईला कायमची तिकडे ठेवून येणार.

वास्तविक त्या घरात आनंदाला उधाण आले होते. वृंदाने आल्प्सच्या मुलखात दहा दिवसांची सहल ठरवली होती, आणि अट एकच होती : मोटार नको. बंद काचांच्या मोटारीत तिच्या आईच्या, म्हणजे कुमुदबाईंच्या पोटात ढवळू लागे. मागच्या दोन्ही सहली त्यांनी हॉटेलच्या खोलीत काढल्या होत्या. "मी आहे ना बसलेली, तू बघून ये," हे त्यांचे ठरलेले वाक्य. या खेपेला ते ऐकायचे नाही, असा वृंदाचा निश्चय होता. एकाच गावी मुक्काम करायचा आणि तिथून आगगाडीने, बोटीने रोज नवी दिशा धरायची.

गावही तिने हेरले होते. डोंगरमाथ्यावर लाकडी घरे, खिडक्यांत फुले, समोर बर्फाचे शिखर. खोली घेण्यापूर्वी फोनमधली छायाचित्रे दाखवायला ती धावतच तात्यांकडे गेली. तात्या तीस वर्षे एसटी आगारात वाहतूक नियंत्रक होते आणि संध्याकाळी ओट्यावर गल्लीतल्या मुलांना गणित शिकवत. वृंदा त्यांतलीच. तात्यांनी छायाचित्रे न पाहताच फोन पालथा ठेवला.

"उद्या सकाळी आठला स्टँडवर ये. वहिनींना आण. आणि तिकडे न्यायची बॅग भरून आण."

गुरूने सांगितले, शिष्येने ऐकले. दुसऱ्या दिवशी तिघे घाट चढून डोंगरावरच्या एका देवीच्या गावी उतरले. एसटीच्या उघड्या खिडकीशी कुमुदबाई अगदी खुशीत होत्या. खाली सारे खोरे पसरलेले, वर वारा. दर्शन झाले, फोटो झाले. अकराला परतीची गाडी लागली. वृंदाने बॅग उचलली, तेव्हा तात्या शांतपणे म्हणाले, "सोडा ही."

गाडी गेली. पुढची होती दीड वाजता, आणि रस्ता तेवढा एकच. झाडाची सावली सरकली. स्वच्छतागृहाला कुलूप होते. कुमुदबाई बॅगेवर टेकल्या आणि म्हणाल्या, "मी आहे ना बसलेली, तू बघून ये."

पुन्हा तेच वाक्य! वृंदाने तात्यांकडे रोखून पाहिले. म्हाताऱ्याला झालेय तरी काय, असेही तिच्या मनात येऊन गेले.

अडीचला ते तालुक्याच्या स्टँडवर उतरले. तिथे पाहण्यासारखे काही म्हणजे काही नव्हते. शेंगांची टरफले, भोंगे, धूळ. घराकडची गाडी समोरच उभी होती आणि तात्या पुन्हा म्हणाले, "हीसुद्धा सोडा."

"तात्या, आता पुरे हं. आईच्या पायांकडे तरी बघा."

पण आई होती कुठे? घराकडे दर पंधरा मिनिटांनी गाडी आहे हे कळताच कुमुदबाईंनी चहा घेतला होता आणि पाट्या वाचत त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडत होत्या. एका कंडक्टरला गाठून त्यांनी सगळी माहिती काढली आणि परत आल्या त्या लगबगीने.

"धरणाकडची गाडी सुटतेय. तासाभरात परत येते म्हणाला. मी बघून येते, तुम्ही बॅगेपाशी बसा."

आणि त्या गेल्यासुद्धा. वृंदा आ वासून पाहत राहिली. तात्या हसून म्हणाले, "गाडी काय, कुणाचीही चुकते गं. ती चुकल्यावर माणसाचं काय होतं, ते बघून मुक्काम ठरवावा. वर वहिनी ओझ्यासारख्या बसल्या होत्या, इथं त्या मोकळ्या झाल्या. माणूस तेच, पाय तेच. तुझं देखणं गाव बघायला अवश्य जा. राहायला मात्र चार दिशांच्या गाड्या जिथं भेटतात ते गाव घे, मग ते साधं का असेना."

वृंदाने तळ्याकाठचे एक साधे गाव निवडले. स्टेशनसमोरच बोटीचा धक्का.

सहलीच्या चौथ्या दिवशी ती त्या डोंगरमाथ्यावरच्या गावी निघाली, तर कुमुदबाई म्हणाल्या, तू जा, मला बोटीने पलीकडे जायचंय. संध्याकाळी वृंदा धक्क्यावर उभी राहिली. ठरल्या वेळेची बोट आली. आई नव्हती. पुढचा अर्धा तास तिला युगासारखा गेला. मग दुसरी बोट लागली आणि हातात पावाची पिशवी घेऊन कुमुदबाई उतरल्या.

"एक सोडली मी," त्या म्हणाल्या. "ऊन फार छान पडलं होतं."

परत आल्यावर शेजारणीने आडून आडून विचारलेच, की वृंदाने तुम्हाला तिकडे ठेवलं म्हणे.

"ठेवलं की," कुमुदबाई म्हणाल्या, "एक दिवस. पण ती परत आली तेव्हा मी जागेवर नव्हते."