रवी अडून बसली तेव्हा

फार पूर्वी आयर्लंडच्या एका खेड्यात रीत होती. घुसळण चालू असताना घरात येईल त्याने रवीला हात लावायचाच, नाहीतर लोणी येत नसे.

एकदा ओनाबाई साय घुसळत होती. जमीनदाराचा कारभारी हातमोजे घालूनच आत शिरला. "सगळं लोणी साहेबांकडे पाठव!"

रवी सायीतच अडून बसली. "आधी हात लाव."

"चुलीत घालीन तुला!"

"घाल की! मग लोणी काय तुझ्या हुकमाने निघणार?"

चरफडत त्याने मोजे काढले आणि घाम निथळेपर्यंत घुसळलं. लोणी वर येताच त्याने गोळ्यात हात घातला. रवीने बोटांवर फटका हाणला.

"बोटांना लागलं तेवढं तुझं. चाट आणि चालायला लाग."

ओनाबाईने दार उघडून धरलं.